फू, फू आणि मग गाडी

बोलण्याआधी ते फुंकायचे. समोर माइक असो, मोबाइल असो, नाहीतर गरम चहा. ओठांचा चंबू करून दोनदा: फू, फू. मग घसा साफ व्हायचा आणि मग यायचं, "प्रवाशांनी लक्ष द्यावे."

कारंजाच्या बसस्टँडवर तुम्ही कधी गाडीची वाट पाहिली असेल, तर हा आवाज तुमच्या ओळखीचा आहे. माणूस पाहिला नसेल. चौकशीच्या खिडकीला जाळी होती आणि जाळीवर एवढी धूळ होती की आतून फक्त आवाज बाहेर यायचा. हुद्दा वाहतूक नियंत्रक. सगळे त्यांना कंट्रोलर साहेब म्हणायचे. मी नुसतं साहेब म्हणायची आणि ते मला ताई.

माझं दुकान स्टँडच्या गेटला लागून आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो. गिऱ्हाईक आलं की काम, काम झालं की पुढचं गिऱ्हाईक. दुकानात बसायला स्टूल नाही आणि ते मी मुद्दामच ठेवलेलं नाही. माणूस टेकला की बोलतो, बोलला की मागची रांग थांबते. साहेबांनी मात्र पहिल्याच दिवशी कागदाच्या रिमांच्या थप्पीवर बैठक मारली आणि ती रिटायर होईपर्यंत सोडली नाही.

"ताई, सकाळची मंगरूळची घोषना ऐकली का?"

"ऐकली."

"कशी वाटली?"

"गाडी गेली ना? मग झालं."

"तुमाले कला समजत नाही," असं म्हणून ते चहा फुंकायचे.

आवाजाचा त्यांना अभिमान होता आणि तो लपवण्याचे कष्ट त्यांनी कधी घेतले नाहीत. पन्नाशी कधीच उलटलेल्या या माणसाला मोबाइलवर बस चालवायचा गेम खेळताना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं, आता हे वेळ फुकट घालवणार. तसं झालं नाही. दोन फेऱ्या मारून त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे कोनता स्टँड होय? ना घोषना, ना रसवंती, ना कोनी विचारून राह्यलं का गाडी कवा येते. असा स्टँड असते का?"

या गेमची एक गंमत आहे. त्यात बाहेरून भर घालता येते. कुणी आपल्याकडची बस बनवतं, कुणी रस्ता, कुणी नुसता हॉर्न. बनवलेला तुकडा इंटरनेटवर ठेवायचा. ज्याला हवा तो घेतो आणि आपल्या गेमला जोडतो. त्याला ॲड-ऑन म्हणतात. साहेबांनी वर्षभर व्हिडिओ पाहून, लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर, कारंजाचा स्टँड बनवला. लाल गाड्या, फलाट, भिंतीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या, गेटजवळची रसवंती. आणि सगळ्यावर त्यांचा आवाज.

बनवून झाल्यावर मला खेळायला लावलं. मी कारंजा-वाशीम गाडीत बसले आणि बटण दाबलं. गाडी हलेना.

"साहेब, बंद पडली तुमची गाडी."

"बंद नाही पडली. टाइम नाही झाला तिचा. अर्धा घंटा हाय अजून."

त्यांनी त्या गेमात खरं वेळापत्रक घातलं होतं. मोबाइलच्या घड्याळात वाशीमच्या गाडीची वेळ झाल्याशिवाय ती फलाट सोडत नसे. तोवर शेंगदाणेवाला ओरडायचा, एक म्हातारी विचारायची, "बाबू, धनजची लागली का?" आणि अधूनमधून साहेब स्वतः फुंकायचे.

"अहो, गेम हाय हे. पोट्टे खेळतात. इतका वेळ कोण बसून राहील?"

"घाई कोनाले हाय?" साहेब म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. फलाटावर भांडणाऱ्यांना, सुट्ट्यांसाठी अडलेल्या कंडक्टरला आणि मला, सगळ्यांना एकच.

माझा अंदाज साफ चुकला. लोकांनी ते घेतलं. पुण्यात कंपनीत कामाला असलेल्या मंगरूळच्या एकाने फोन केला तेव्हा मी शेजारीच होते. तो म्हणाला, "साहेब, मी गाडी चालवतच नाही जी. कामावरून आलो का गेम लावतो, अन् नुसता स्टँडवर बसतो. बायको म्हनते, कोनाची वाट पाहून राह्यले?"

साहेबांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी चहा न फुंकताच प्यायला. तोंड भाजलं.

लोकांच्या मागणीमुळे जागेचा प्रश्न आला. आधी त्यांनी तो ॲड-ऑन इंटरनेटवरच्या एका फुकट जागेवर ठेवला होता. ती जागा भरली. तेव्हा त्यांची नजर माझ्या कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पडली.

"ताई, याच्या पोटात जागा हाय का?"

"हाय. पण वीज माही जाईन."

"अन् नाव तुमचं होईन."

नाव काही झालं नाही, पण कॉम्प्युटर मी दिला. कारंजाच्या झेरॉक्सच्या दुकानातून लोक इंटरनेटवरून गाड्या नेऊ लागले. जवळपासचे तर थेट पेनड्राइव्ह घेऊन यायचे. साहेबांनी नियम घातला होता: गाव सांगा, थांबा द्या. ज्याला ॲड-ऑन हवा, त्याने आपल्या गावच्या बसथांब्याचे फोटो आणायचे. कडुनिंब असेल तर कडुनिंब, पानठेला असेल तर पानठेला, तिथे नेहमी बसणारा म्हातारा असेल तर त्याला विचारून तोही. साहेब तो थांबा गेममध्ये घालायचे. पैसे कुणी देऊ केले तर म्हणायचे, "तिकीट नाही लागत, गाव लागते."

एकदा धनजचे दोघं आले आणि भांडू लागले. एकाच्या मते थांबा कडुनिंबाखाली, दुसऱ्याच्या मते पुढे हॉटेलजवळ. साहेब स्वतः धनजचेच, त्यामुळे दोघांचाही त्यांच्यावर विश्वास नव्हता. माझ्या दुकानात सुनावणी झाली. मागे जातीच्या दाखल्याच्या झेरॉक्सला आलेली माणसं फॉर्म विसरून आपापली मतं देऊ लागली. शेवटी साहेबांनी रिमांवरून उठून निकाल दिला: "दोनी ठिकानी थांबन. खरी गाडीबी दोनदाच थांबते."

एप्रिलात जयंतीला त्यांनी सगळ्या थांब्यांवर निळे झेंडे लावले. त्या दिवशी जो येईल तो आधी "जय भीम" म्हणे आणि मग पेनड्राइव्ह काढे. पोळ्याला धनजच्या रस्त्यावर सजवलेले बैल आले, ते पार होईपर्यंत गाडी थांबायची आणि हॉर्न मारला तर साहेबांचा आवाज रागवायचा, "सन हाय आज, दम धर."

त्रास एकच होता. कारंजाची लाइट गेली की साऱ्या जगातलं डाउनलोड थांबायचं. मस्कतला ड्रायव्हर असलेला शेलूबाजारचा एक जण लगेच फोन करायचा, "ताई, लाइट गेली का वो तिकडे?" माझ्या शेजारणीला कळायच्या आधी मस्कतला कळायचं.

मग एक वेबसाइट निघाली. कोणाची, कुठली, कुणाला ठाऊक नाही. तिने साहेबांचा ॲड-ऑन उचलला आणि आपल्याकडे ठेवला. ना गाव विचारायचं, ना थांबा. पानभर जाहिराती आणि 'डाउनलोड' लिहिलेली इतकी बटणं की खरं कुठलं ते देवाला माहीत. एका गुरुजींनी दाबलं चुकीचं आणि त्यांच्या मोबाइलवर रोज सकाळी राशिभविष्य यायला लागलं. तक्रार करायला ते कुठे गेले असतील? एसटीच्या चौकशी खिडकीवर.

"तुमच्या गाडीनं माहा मोबाइल खराब केला."

साहेबांनी जाळीखालच्या फटीतून हात बाहेर काढला. "इकडे आना." मोबाइल कानाला लावून त्यांनी ऐकलं. घोषणा होती, आवाज त्यांचाच होता, पण सुरुवात कापलेली. वाट पाहणंही काढून टाकलं होतं. बटण दाबलं की गाडी सुटायची.

"फू फू हाय का याच्यात?"

"नाही."

"मंग हे आमची गाडी नाही. पुढच्या खिडकीवर जा."

पुढे खिडकी नव्हतीच, मुतारी होती. गुरुजी रागावून माझ्याकडे आले. ते राशिभविष्य मी बंद करून दिलं आणि खरा ॲड-ऑन भरून दिला. जाता जाता त्यांच्याकडून काजळेश्वरचा थांबा घेतला. तेव्हापासून सगळीकडे खूण पसरली: ज्या गाडीत फू फू नाही, ती आपली नाही.

खरी अडचण पुढे आली. गेम बनवणाऱ्या कंपनीने कळवलं की नकली वेबसाइटींचा बंदोबस्त म्हणून आता सगळे ॲड-ऑन कंपनीच्या स्वतःच्या स्टोअरवरच ठेवायचे. गेमची नवी आवृत्ती आली की बाहेरचे उघडणार नाहीत. साहेबांनी अर्ज केला. उत्तर आलं, आणि मीच ते त्यांना वाचून दाखवलं, कारण इंग्रजी होतं. दोन दुरुस्त्या हव्या होत्या. खेळणाऱ्याला विनाकारण थांबावं लागतं, ते काढा. घोषणेच्या सुरुवातीला माइकमध्ये खरखर आहे, ती काढा.

"खरखर?" साहेब म्हणाले.

"तुमची फू फू."

रिमांवर बसल्या बसल्या त्यांनी तोंडासमोर तळहात धरून दोनदा फुंकून पाहिलं. मी माझं मत सांगून टाकलं. ते मागितलेलं नव्हतं, पण मत मागण्याची वाट पाहत बसले तर माझं दुकान चालणार नाही.

"देऊन टाका साहेब. कंपनीकडे मोठ्या मशिनी हायेत. माहा कॉम्प्युटर म्हातारा झाला, पंखा रडते त्याचा. एका दुकानात सारं ठेवनं म्हंजे एका चुलीवर गावजेवन."

"अन् उद्या त्याईनं दुकान बंद केलं तर?"

"अन् उद्या माहं जळलं तर?"

"त्याईच्या स्टँडवर गाडी लावाले माही ना नाही, ताई. पन गाडी कवा सोडाची ते मी सांगन. अन् बोलाच्या आधी फुंकाचं का नाही, तेबी मीच ठरवन."

"मग नवीन आवृत्ती आली का पुन्यावाल्याचा स्टँड बंद. मस्कतवाल्याचाबी. तुमच्या एका फुंकरीपाई."

हे ऐकून ते हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "दिवाळीच्या आधी मी रिटायर होतो. तिकडचा माइक जाते. हा एकच राह्यला होता." आणि उठून गेले. समोर गाडी लागली होती, घोषणा करायची होती. भिंतीपलीकडून ती ऐकू आली. फू फू नेहमीपेक्षा जोरात होती.

मी म्हटलेलं खरं झालं. मे महिन्यात व्होल्टेज वर-खाली झालं, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून वास आला आणि तो गेला. तो नीट करणाऱ्याने आतली हार्ड डिस्कची डबी हलवून पाहिली, मान हलवली. मी साहेबांना बोलावलं.

"तुमच्या घरच्या लॅपटॉपात हाय ना सारं?"

"गाड्या हायेत. थांबे इथंच जोडत होतो ना मी, लोकाईच्या समोर. इथं हाय म्हनल्यावर घरी कायले ठेवू?"

"मले वाटलं, घरी असंनच."

डेपोत कुठल्याही गाडीला एक स्पेअर असते, हे माझ्या दुकानात बसून मला शंभरदा सांगणारा हा माणूस. गावं गेली होती. कडुनिंब, पानठेले, म्हातारे, धनजचे दोन्ही थांबे.

मी रडणाऱ्यांतली नाही. दाराबाहेर कागद लावला: ज्यांनी साहेबांची गाडी नेली, त्यांनी परत आणावी. मोबाइलवरच्या ग्रुपांवरही टाकलं. म्हटलं, आलं तर आलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी शटरसमोर माणसं. धनजच्या हॉटेलवाल्याने मोबाइल आणला, त्याच्याकडे पोळ्याचे बैल होते. काजळेश्वरचे गुरुजी आले. कामरगावची एक नर्सबाई ड्युटीवर जाता जाता पेनड्राइव्ह टाकून गेली, "संध्याकाळी नेतो, हरवजा नोका." पुण्याहून आलं, मस्कतहून आलं. प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी नेलेलं, त्यामुळे कुणाकडे हा थांबा तर कुणाकडे तो. पण आपापलं गाव प्रत्येकाकडे होतं. साहेबांनी रजा टाकली आणि माझ्या दुकानात नवीन कॉम्प्युटरपुढे बसून एकेक गाव जागेवर लावलं. प्रत्येक गाव लागलं की माइक नसताना घोषणा करायचे. रांगेतली माणसं टाळ्या वाजवायची. त्या दिवसांत मी झेरॉक्स किती काढल्या ते विचारू नका. धंद्याचं नुकसान झालं आणि मी ओरडले नाही, एवढंच सांगते.

धनजचा कडुनिंब सगळ्यात शेवटी मिळाला. तो त्या दोन भांडणाऱ्यांतल्या, हॉटेलजवळच्या थांब्यासाठी भांडणाऱ्याच्या मोबाइलात होता.

"तुले तर कडुनिंब नको होता ना रे?" साहेबांनी विचारलं.

"नकोच हाय. पन आता हाय तर हाय."

सगळं लागल्यावर साहेब खुर्चीत मागे टेकले. "ताई, तुमीबी बरोबर नोहत्या अन् मीबी नोहतो. एका ठिकानी ठेवनंच चूक. मंग ते तुमचं दुकान असो का कंपनीचं."

"मग?"

"कंपनीच्या स्टोअरवर लावू. लांबच्या लोकाईले तेच सोपं. अन् दर गावात एक जन राखनदार, त्याच्यापाशी पुरी प्रत. स्टोअर बंद पडलं तर गाव हाय. गाव विसरलं तर दुसरं गाव हाय."

"अन् त्या दोन दुरुस्त्या?"

त्याचा विचार त्यांनी केलेला होता. घाईवाल्यांसाठी वेगळा फलाट क्रमांक एक, बटण दाबलं की गाडी सुटणार. फलाट क्रमांक दोनवर वेळ झाल्याशिवाय नाही. ज्याचं त्याने ठरवावं. खरखरीबद्दल मात्र त्यांनी मला उत्तर लिहायला लावलं, शब्दशः: 'माइक चालू आहे की नाही हे तपासल्याशिवाय घोषणा करता येत नाही. चाळीस गावं यावर अवलंबून आहेत.' मी ते इंग्रजीत केलं. 'चाळीस' मोजलेली नव्हती, पण साहेबांनी सांगितलं तसं लिहिलं.

मंजुरी आली. त्या कंपनीत कुणाला काय समजलं ते मला माहीत नाही. फू फू राहिली. पुण्यावाल्याने फोन करून सांगितलं की त्याची बायकोही आता शेजारी बसते.

दिवाळीच्या आधी निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, डेपोतल्या लोकांची भाषणं. मग साहेबांच्या हातात माइक दिला. त्यांनी फुंकलं. फू, फू. घसा साफ केला. आम्ही सगळे थांबलो. मग त्यांनी समोर फलाटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "कारंजा-धनज गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." गाडी खरंच लागलेली होती. दोन बाया पिशव्या उचलून पळाल्या. सगळे हसले आणि समारंभ संपला.

आता ते नाशिकला असतात, लेकीकडे. खिडकीत नवा माणूस आहे. चांगला आहे, वेळेवर सांगतो, फुंकत नाही. जाळी धुतली आहे, त्यामुळे तो दिसतोसुद्धा. कागदाच्या रिमांवर कुणी बसत नाही. त्या आता जास्त टिकतात.

कारंजाची राखणदार मी आहे. म्हणजे स्टोअरवर नवी दुरुस्ती आली की ती उतरवून, चालवून, प्रत ठेवायची, एवढं काम. परवा साहेबांकडून दुरुस्ती आली. दुपारची वेळ होती. मी फलाट क्रमांक दोन घेतला, कारण तपासायचं तर पुरं तपासायचं. शेंगदाणेवाला ओरडला. म्हातारीने धनजची गाडी विचारली. वेळ झाली, गाडी निघाली, गेटमधून वळली आणि लगेच थांबली.

मी पाहिलं. समोर माझं दुकान होतं. शटर अर्धं वर, पाटीवरचा फुटलेला 'झ' तसाच. दारासमोर एक स्टूल ठेवलेलं. आमच्या खऱ्या दुकानासमोर नाही ते.

फू, फू.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. विनंती थांबा, झेरॉक्सचं दुकान. ताईंना यायचं असेल तर त्यांच्यासाठी गाडी थोडा वेळ थांबेल."

"ताई," काउंटरपलीकडून कुणीतरी म्हणालं, "आधारची झेरॉक्स पाह्यजे होती."

"थांबा जरा," मी म्हटलं. "गाडी सुटू द्या."